सगळ्यांत वाईट गोळी

नूरसेत, २८ ऑगस्ट

ओडवार मामा,

हे पत्र मी तीन वर्षं टाळते आहे. पहिल्या वर्षी म्हटलं, कुठंतरी बस्तान बसलं की लिहू; बस्तान बसलंच नाही. दुसऱ्या वर्षी म्हटलं, एवढा उशीर झालाच आहे तर निदान सांगण्यासारखं काही घडू दे. जे घडलं ते सांगण्यासारखं नव्हतं. मध्ये दोनदा फोन केला. तू नेहमीसारखं स्वतःचं नाव न घेता घराचं नाव घेतलंस, "लॉइव्हिक", मागं टिंका भुंकली आणि मी फोन ठेवून दिला. ते दोन मुके फोन माझे होते. दुसऱ्या कुणावर संशय घेतला असशील तर सोड त्याला.

आज लिहिते आहे तेही मनानं नाही, गरजेनं. ती गरज शेवटी सांगते. आधी सांगितली तर तू पुढचं वाचणार नाहीस.

मी डोंगरात आहे. खाडीच्या काठी उभे असतात तसल्या डोंगरात नाही. इथं कितीही वर चढलं तरी समुद्र दिसत नाही. जूनमध्ये बसनं पलीकडच्या खोऱ्यात निघाले होते, मध्येच रस्त्यावर एक बोकड आडवा बसला, ड्रायव्हर उठवायला उतरला, मी मदतीला उतरले, आणि बोकडाच्या मालकिणीनं विचारलं, "दूध काढता येतं का गं?" मी हो म्हटलं. बस गेली. मी राहिले. माझं सगळं असंच होतं, तुला नवीन नाही.

मालकीण म्हणजे बोर्गहिल्दबाई. वय एकाहत्तर. चाळीस शेळ्या, सव्वाशे मेंढ्या, आणि मूस म्हणजे थोरल्या हरणाच्या शिकारीची आठ जणांची टोळी, तिची म्होरकी ही. उन्हाळाभर मी वरच्या गोठ्यावर दूध आटवून तपकिरी चीज केलं. कढई ढवळता ढवळता हात असे झालेत की वल्हं मारायची शर्यत लावली तर तुला हरवेन. चीजच्या प्रत्येक वडीवर मी तारीख घालते. बाई हसते. तिला काय ठाऊक, मी ज्या घरात वाढले तिथं जॅमची बाटली, रंगाचा डबा, खारवलेल्या माशांचं पिंप, सगळ्यांवर मामाच्या अक्षरात तारीख असायची.

आता गरज. शिकार पंचवीस सप्टेंबरला सुरू होते. टोळीतल्या एकाचा गुडघा गेला, जागा रिकामी झाली. जेवताना बाई म्हणाली, "तुझ्या आजोबांची बंदूक आहे म्हणतेस माझ्या कपाटात. चालवतेस की नुसती फिरवतेस?"

(बंदूक मी सहा गावांत, सहा जणांच्या कुलूपबंद कपाटांत ठेवत हिंडले आहे. कागद सगळे नीट आहेत. ते एक मी नीट ठेवलं.)

मी म्हटलं, मामाच्या टोळीत दोन वर्षं हरणावर होते.

"मग मामाकडून दोन ओळी आण. मला सर्टिफिकेट नको. तुला ओळखणारं कुणीतरी या जगात आहे एवढं कळू दे."

तर मामा, बघ. तीन वर्षं तोंड लपवलं, आणि काम पडलं तशी भाची उगवली. दोनच ओळी. मी तुझ्या टोळीत होते एवढंच लिही. कशी होते ते नको. त्या संध्याकाळचं तर नकोच.

तुझी
सुन्निवा

ता. क. टिंकाला माझा वास आठवत असेल का? उत्तर देऊ नकोस.


नूरसेत, ७ सप्टेंबर

मामा,

कार्ड मिळालं. पुढं चर्चचं चित्र, दुकानातल्या फिरत्या स्टँडवर वर्षानुवर्षं धूळ खातं ते. मागं मोजून दोन ओळी: "सुन्निवा दोन वर्षं माझ्या टोळीत होती. बंदूक नीट पुसून ठेवते."

पुढं काही नाही. मला काही नाही. मी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, तिकिटाखाली तर काही लिहिलं नाही ना म्हणून तिकीटही उचकटलं. बोर्गहिल्दबाईनं वाचून ते कॉफीच्या डब्यांच्या फळीला टाचणीनं टोचलं आणि म्हणाली, "पुसून ठेवते म्हणतोय. उत्तम. 'झकास मारते' लिहिलं असतं तर मी विचारात पडले असते."

ती फळी चुलीच्या बरोबर वर आहे. दिवसातून दहा वेळा मी तुझ्या अक्षरासमोर उभी राहते. तू खोटं लिहिलं नाहीस. खोटं न लिहिता जेवढं चांगलं लिहिता आलं तेवढं लिहिलंस.

आता तयारीचं सांगते. बंदूक घेऊन बसायची ठाणी मला दाखवायचं काम टोळीतल्या म्हाताऱ्या एम्ब्रेतआजोबांकडं आहे. वय विचारलं की म्हणतात, "तुझ्या बंदुकीपेक्षा लहान आहे." राखाडी रंगाचा त्यांचा कुत्रा, राप, मूसला भुंकून जागच्या जागी अडवून धरतो. आजोबा मला मासळीबाई म्हणतात.

"काय गं मासळीबाई, खाली कुठं आहे?"

मी बोट दाखवलं.

"ते वर आहे."

हसू नकोस. आपल्याकडं चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. पाणी दिसतं ते खाली, उरलेलं वर. इथं प्रत्येक ओढा आपल्या मनानं जातो. टेकडीमागं टेकडी, सगळ्या एका पिठाच्या. आणि आवाज नाही. आपल्याकडं रात्रंदिवस काहीतरी किनाऱ्याला लागत असतं. इथं थांबलं की आपलंच रक्त कानात ऐकू येतं. मंगळवारी तीन नंबरच्या ठाण्यावरून पाच नंबरला एकटी निघाले आणि दोन तासांनी पुन्हा तीन नंबरवरच पोचले. मध्ये दलदलीत पिवळी फळं दिसली होती, ती खात गेले. आजोबा मचाणाला टेकून वाट बघत बसले होते. म्हणाले, "इथं भरती येऊन तुला किनाऱ्याला लावणार नाही. डोळे तोंडात ठेवून चालू नकोस."

ते खिशात एक तपकिरीची डबी बाळगतात, पण तिच्यात तपकीर नसते, दलदलीतल्या गवताचा कापूस असतो. चिमूटभर सोडायचा आणि तो कुठं जातो ते बघायचं. सकाळी वारा उतारावरून वर चढतो, सूर्य कलला की खाली यायला लागतो, आणि मधल्या घटकेला, ते म्हणतात, "वारा दोन मनांचा असतो. त्या वेळी मूसही थांबतो आणि शहाणा शिकारीही."

मूस पाहिला. मादी आणि पिल्लू. गुडघाभर पाण्यात उभी, तोंडातून वेली लोंबताहेत. मामा, आपल्या हरणाला तिच्याशेजारी उभं केलं तर शेळी वाटेल. घोड्याहून उंच, आणि पाय असे की कुणाचे तरी उसने आणलेत. माझ्याजवळ बंदूकही नव्हती, तरी हात थरथरले. आजोबांनी पाहिलं. म्हणाले, "थरथरणं चांगलं. ज्याचे थरथरत नाहीत त्याच्याशेजारी मी बसत नाही."

काल नेमबाजीची परीक्षा झाली. शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात. पास झाले. पण परीक्षेआधी सरावाचे तीस बार लागतात, तुला माहीत आहे, आणि कुणाला तरी मोजून सही करावी लागते. बोर्गहिल्दबाई माझ्याशेजारी स्टुलावर विणकाम घेऊन बसली. प्रत्येक बाराला सुईवर एक टाका. कानांवर आवाज अडवणारी टोपणं, हातात सुया, मान खाली. मला वाटलं तीस झाले, मी उठले.

"एकोणतीस," ती म्हणाली.

"झाले असतील हो तीस."

"सुई खोटं बोलत नाही, पोरी. झोप खाली."

मी पुन्हा पालथी झाले आणि तिसावा बार काढला, आणि तो काढताना डोळ्यांत पाणी होतं म्हणून गोळी वर गेली.

कारण तुझ्याकडं मी अकरा बार काढले होते. तू खळ्यात गवत उलटत होतास. मी कागद घेऊन आले. "झाले का तीस?" "झाले." तू हात विजारीला पुसलास आणि सही केलीस. कारण मोठं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. कारण एवढंच की धक्क्यावर कुणाच्या तरी होडीत पुरुषभर लांबीचा मासा आला होता आणि सगळे बघायला पळत होते, म्हणून मीही पळाले. उरलेली एकोणीस काडतुसं होडीघरात, मागच्या भिंतीच्या सैल फळीमागं ठेवली. म्हटलं, उद्या येऊन उडवू.

अजून तिथंच असतील. हिरवी पडली असतील.

सुन्निवा


नूरसेत, १६ सप्टेंबर

मामा,

हे पत्र वाचल्यावर तू ते कार्ड परत मागितलंस तर मी समजून घेईन.

रविवारी दुपारी टोळीची बैठक झाली. या टोळीची एक रीत आहे, मला कुणी आधी सांगितली नव्हती. ठाण्यांच्या चिठ्ठ्या निघायच्या आधी प्रत्येकानं आपली आयुष्यातली सगळ्यांत वाईट गोळी सांगायची. सांगितल्याशिवाय ठाणं नाही. बर्चच्या लाकडाच्या चकत्यांवर आकडे जाळून काढलेले, त्या एका जुन्या कॉफीच्या किटलीत. गोष्ट झाली की किटली तुझ्याकडं येते.

सुरुवातीला हसू होतं. शाळेतले एक मास्तर आहेत, त्यांनी मूस समजून स्वतःच्याच पाठपिशवीवर बार काढला होता, आतला थर्मास आणि बायकोनं दिलेला जेवणाचा डबा फोडला. "थर्मासची मादी होती, पोटात कॉफी निघाली," एम्ब्रेतआजोबा म्हणाले. मग आजोबांची पाळी आली. दर वर्षी ते तीच गोष्ट सांगतात म्हणे. सव्वीस वर्षांपूर्वी, मादी मारली, आणि झुडपामागून पिल्लू निघालं. "मी बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "बघायला वेळ होता. मी घेतला नाही." एवढंच. कुणी हसलं नाही. बोर्गहिल्दबाईचीही झाली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

मामा, देवाशपथ, मी खरं सांगायलाच तोंड उघडलं. म्हटलं, खाडीकाठचं शेत होतं, ऑक्टोबर, उजेड जात होता. म्हटलं, सांगून ठेवलं होतं की कुंपणाच्या दगडांपलीकडं दिसलं तर बार काढायचा नाही. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून असं आलं: "माझ्या मामानं तरीही काढला."

एकदा ते वाक्य निघालं आणि बाकीचं त्याच्यामागं घरंगळत गेलं. मामाला हरणाची मादी उसळलेली दिसली. मामा जागेवर गेला, तिथं केसांचा पुंजका होता, हाडाची बारीक कपची होती. मामानं केस खिशात घातले आणि सगळ्यांना सांगितलं, चुकली, दगडाला लागली, मी जागा बघून आलो. म्हणून कुत्री मागावर नेली नाही. चौथ्या दिवशी शेजाऱ्याला ती ओढ्यात सापडली, पुढचा पाय तुटलेला, जिवंत.

सगळं खरं सांगितलं. फक्त माणूस बदलला.

एम्ब्रेतआजोबांनी पाईप तोंडातून काढला. "केस खिशात घातले? असल्या माणसानं बंदूक खाडीत टाकावी आणि मागोमाग स्वतः उडी घ्यावी."

मी त्यांना अडवलं नाही. तुझं कार्ड आमच्या डोक्यावर फळीला टोचलेलं होतं.

बोर्गहिल्दबाई म्हणाली, "ही दुसऱ्याची गोळी झाली. तुझी कुठली?"

"माझी अजून झालेली नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि किटली पुढं केली. मी हात घातला. चार नंबर निघाला. दलदलीच्या तोंडाचं ठाणं, सगळ्यांत चांगलं, तिथं मूस चालत येऊन उभा राहतो म्हणतात. मास्तरांनी पाठीवर थाप मारली. "नशीब काढलंस!"

मामा, मी तुला खरी गोष्ट कधीच सांगितली नाही, आणि सात अनोळखी लोकांना सांगितली ती तुझ्या नावावर. म्हणून आता तुला सांगते, तुला माहीत असली तरी. बार मी काढला. कुंपणापलीकडं. मादी उसळली ते मी पाहिलं. केस माझ्या खिशात होते. तू वॉकीटॉकीवर विचारलंस, "सुन्निवा, नक्की चुकली?" मी म्हटलं, "नक्की." तू विचारलंस, "जागा बघितलीस?" मी म्हटलं, "बघितली." तुला टिंकाला घेऊन यायला दहा मिनिटं लागली असती. तुझा माझ्यावर विश्वास होता म्हणून ती मादी चार दिवस तीन पायांवर फिरली.

आणि मग नऊ तारखेची ती सभा. शेजारचा हालस्टेन उभा राहून ओरडत होता, तिला ओढ्यातून काढताना तिनं त्याच्याकडं कसं पाहिलं ते सांगत होता. त्या संध्याकाळी तीन ठाण्यांवरून बार झाले होते. "कुणाचा बार?" त्यानं विचारलं. तू उठलास. म्हणालास, "टोळी माझी. बार झाला की जागेवर कुत्री नेणं माझं काम. मी नेली नाही. कुणाचा बार हे विचारू नकोस, माझाच धर." बावीस वर्षांची म्होरकेगिरी तू तिथं टेबलावर ठेवलीस, टिंकाचं माग काढण्याचं प्रमाणपत्र तिच्यावर. मी तिसऱ्या रांगेत होते. मांडीवर केकची बशी होती. मी स्वतःला सांगत आले की त्या वेळी तू माझ्याकडं नुसतं पाहिलं असतंस तरी मी उठले असते. तेही खोटं. तू पाहिलं होतंस. मी केक खाल्ला.

सकाळच्या बोटीनं गेले.

ते केस सोबत पाठवते आहे. तीन वर्षं कोटाच्या आतल्या खिशात होते. समुद्रात टाकायला किती तरी वेळा काढले. टाकता आले नाहीत, आणि जवळही ठेवता येत नाहीत.

सुन्निवा


नूरसेत, २४ सप्टेंबर, दुपार

मामा,

उद्या शिकार. उद्या असायला हवी, असं म्हणते. का ते सांगते.

पण आधी गेल्या गुरुवारचं. मी आणि बोर्गहिल्दबाई मांसाची खोली धूत होतो. गरम पाणी, सोडा, खराटे. मांस टांगायचे आकडे उकळून लटकवले, दोर तपासला, सुऱ्यांना धार लावली. मी बडबडत होते, कशाबद्दल ते आठवत नाही, बहुतेक माशांबद्दल. तिनं खराटा भिंतीला टेकवला.

"एक सांग," ती म्हणाली. "तुझ्या मामाच्या खिशात काय होतं ते तुला कसं ठाऊक?"

मी म्हटलं, "त्यानं नंतर सांगितलं."

"केस खिशात घालणारा माणूस नंतर सांगत नाही."

मग सांगितलं. अकरा बारांपासून केकपर्यंत. तिनं मध्ये एकदाही 'बरं' म्हटलं नाही. संपल्यावर म्हणाली, "चार नंबरची चकती दे."

ती माझ्या गळ्यातच होती, दोऱ्यात ओवलेली. काढून दिली.

"गोळी वाईट होती म्हणून घेत नाही. वाईट गोळी सगळ्यांची असते, म्हणून तर आपण सांगतो. तू ती दुसऱ्याच्या खिशात घातलीस म्हणून घेते आहे." आणि खराटा उचलता उचलता, "एम्ब्रेतला तू सांगायचं. मी नाही सांगणार."

एम्ब्रेतआजोबा लाकडं फोडत होते. मी सांगितलं. त्यांनी कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली.

"म्हणजे मी एका चांगल्या माणसाला खाडीत उडी मारायला सांगितली," ते म्हणाले.

"हो."

"तुझ्यामुळं."

"हो."

"मासळीबाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते चिडवणं नव्हतं, "पंचवीसला सकाळी सहाला ये. बंदूक नको. राप मला ओढतो, मला दुसरे पाय हवेत. या वर्षी तू चालायचं, दोर वाहायचा, आणि बघायचं. जिथं बार होईल तिथं जाऊन गुडघ्यांवर बसून बघायचं. प्रत्येक वेळी. चुकली म्हणाले तरी."

तर मला ठाणं नाही. मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीही लाज वाटली. गोष्ट टोळीत सगळ्यांना कळली; मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. थर्माससुद्धा माझ्यापासून दूर ठेवतात. ठीक आहे.

आता शिकार का अडली ते. तुला नियम माहीतच आहे: जखमी जनावराचा माग काढणारी, परीक्षा पास झालेली कुत्री हाकेच्या अंतरावर नसेल तर टोळीला बंदूक उचलता येत नाही. आमची कुत्री पलीकडच्या खोऱ्यातली. मंगळवारी तिनं गवतातल्या जुन्या कोयत्यावर पंजा कापून घेतला. सात टाके. बोर्गहिल्दबाईनं सगळं खोरं फोनवर पालथं घातलं. ज्यांच्याकडं कुत्री आहे त्यांनी ती आधीच दुसऱ्या टोळ्यांना कबूल केलेली. काल ती फोनजवळ बसून राहिली, आणि मग फळीवरचं कार्ड काढून तुझा पत्ता वाचायला लागली.

"याची कुत्री कशी आहे?"

"सगळ्यांत चांगली," मी म्हटलं. "पण त्यानं प्रमाणपत्र परत दिलं. माझ्यामुळं."

"नंबर सांग."

मामा, मला तो नंबर झोपेतही येतो. तरी मी म्हटलं, आठवत नाही. मग लगेच सांगितला. माझ्यात झालेली सुधारणा एवढीच धर: पूर्वी खोटं तीन वर्षं टिकायचं, आता अर्धा मिनिट टिकतं.

ती तुझ्याशी बोलली तेव्हा मी गोठ्यात जाऊन उभी राहिले. शेळ्या मोजल्या, चाळीसच्या एकेचाळीस झाल्या. परत आले तर फोन ठेवलेला. "काय म्हणाला?" तिनं भाकरी मोडली, लोणी लावलं. "कमी बोलतो तुझा मामा. मला आवडला." बस. पुढं काही सांगायला तयार नाही. तू माझी पत्रं वाचलीस का तेही मला माहीत नाही.

सकाळपासून मी दोराची वेटोळी करते आहे. तीन वेळा सोडून पुन्हा केली. सामान सांगते: लोकरीचे दोन जोड मोजे, सुरी, वाळवलेल्या मटणाचा तुकडा, पातळ भाकरी, आजोबांनी दिलेली एक तपकिरीची डबी, तिच्यात कापूस. बंदूक नाही. पाठ इतकी हलकी वाटते की

थांब. खाली फाटकाजवळ गाडी लागते आहे. खाडीकडचा नंबर आहे. आणि मागच्या सीटवरून भुंकणं येतंय, मामा, हे भुंकणं मी फोनवर दोनदा ऐकलं आहे.

•

परत बसले आहे.

तू नव्हतास. दार उघडलं आणि हालस्टेन उतरला. तोच, तीच निळी टोपी. मला वाटलं, पळावं. टिंका आधी उतरली. तोंड पांढरं झालंय तिचं. माझ्या बुटांपासून सुरू करून कोटाच्या आतल्या खिशापर्यंत वास घेत आली आणि तिथं नाक लावून थांबली. खिसा रिकामा आहे, तिला कळलं नाही. की कळलं.

हालस्टेन टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "आठ तास गाडी हाकलीय. कॉफी आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

"वसंतात टिंकाची परीक्षा मी दिली. ओडवार म्हणाला, कुत्री बसून राहू नये. कागद माझ्या नावावर आहेत, पण शिकवलं त्यानं. दर रविवारी, माझ्याच ओढ्यात." मग जमिनीकडं बघत, "तुझं पत्र त्यानं मला वाचून दाखवलं. दोनदा. त्या सभेत मी त्याला जे बोललो..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही. बोर्गहिल्दबाईनं खिडकीतून हाक मारली, "उद्या शिकार आहे की नाही?" तो म्हणाला, "आहे."

मग त्यानं गाडीतून एक पत्र्याचा डबा काढला. "हा ओडवारनं दिलाय. शिकार संपली की मैदानावर जायचं, तू उडवायचे, मी मोजायचे आणि सही मी करायची. त्याची एक सही फुकट गेलीय म्हणाला."

मी डबा उघडला. काडतुसं. एकही हिरवं नाही. कुणीतरी पुसून, तेल लावून, कोरड्या जागी ठेवलेली. मी मोजली. एकोणीस.

मला वाटलं, माझं पत्र वाचून तू काल-परवा होडीघरात गेलास, फळी काढलीस. मग लावायला झाकण हातात घेतलं. झाकणावर तुझ्या अक्षरात तारीख आहे.

आठ ऑक्टोबर. तीन वर्षांपूर्वीची. सभेच्या आदल्या दिवशीची.